कमळातला क् : इंग्रजी शब्दांतील ध्वनी ऐकताना

जूनअखेरीस नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतात. पेट्या लागतात, अंथरुणे पसरली जातात, घरच्या आठवणीने दोन-चार रात्री कुणाचे तरी हुंदके ऐकू येतात, आणि मग हळूहळू वर्ग सुरू होतात. इंग्रजीच्या पहिल्या तासाला आम्ही पुस्तक उघडत नाही. आम्ही मुलांशी एक साधा खेळ खेळतो. 'कमळ' म्हणा. आता त्यातला क काढून टाका. काय उरले? सारा वर्ग एका सुरात सांगतो, 'मळ'. उत्तर बरोबरच असते. त्यानंतर आम्ही विचारतो : सबंध क नव्हे, केवळ क्, पाय मोडलेला क्, तेवढाच काढला तर काय उरेल?

येथे वर्ग स्तब्ध होतो. कुणी पुन्हा 'मळ' म्हणून पाहतो, कुणी 'कमळ' हाच शब्द ओठांतल्या ओठांत घोळवतो. बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतून एखादा क्षीण आवाज येतो, 'अमळ?' त्या प्रश्नार्थक 'अमळ'मध्ये इंग्रजी वाचनाची किल्ली आहे, असे आमचे इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत झाले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे तेच थोडे विस्ताराने मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आपली लिपी अक्षरांची आहे. 'क' हे लिहिण्यास एक चिन्ह असले, तरी उच्चारात ते दोन ध्वनींचे बनलेले असते : क् हे व्यंजन आणि अ हा स्वर. आपण क ला एकसंध मानतो, कारण आपला डोळा त्याला एकसंध पाहतो. इंग्रजी लिपी याच्या उलट वागते. ती व्यंजन निराळे लिहिते, स्वर निराळा लिहिते. 'कॅट' म्हणजे मांजर. हा शब्द मराठीत लिहिला तर दोन अक्षरे दिसतात. इंग्रजीत तीन दिसतात, कारण तेथे क्, ॲ, ट् असे तीन ध्वनी तीन चिन्हांनी दाखविले आहेत. ज्या मुलाला कमळातला क् सुटा ऐकू येत नाही, त्याला कॅटमधले तीन ध्वनी सुटे ऐकू येण्याचा संभव नाही. त्याला ते तीन वर्ण म्हणजे पाठ करावयाचा एक नकाशा वाटतो.

आम्हीही पूर्वी हा नकाशाच पाठ करवून घेत असू, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वीच्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरवली, आणि त्यांच्याही आधीच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधारे वाक्ये उलटसुलट केली. पद्धती बदलल्या, इयत्ता बदलल्या. परंतु शब्दाची ओळख करून देण्याची रीत मात्र तीच राहिली : वर्णांची नावे घोकायची आणि शेवटी अर्थ म्हणायचा. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' आता सी, ए आणि टी ही तीन नावे भराभर म्हटली तर 'सीएटी' होईल. त्यातून 'कॅट' कोणत्या मार्गाने निघणार? मुलांनी हा प्रश्न आम्हाला कधी विचारला नाही, कारण प्रश्न विचारण्याइतके धैर्य त्यांच्यापाशी नव्हते. आणि आम्हालाही तो सुचला नाही.

तो सुचविला एका मुलीने, तिच्याही नकळत. सातवीतली ही मुलगी हत्तीचे आठ वर्णांचे स्पेलिंग एका दमात म्हणून दाखवीत असे. तपासणीसाठी पाहुणे आले की आम्ही तिलाच उभी करीत असू. एके दिवशी वाचनात 'पेट' हा तीन वर्णांचा, तिने पूर्वी न पाहिलेला शब्द आला. ती थांबली. 'पी-ई-टी' असे तिने तीनदा म्हटले आणि खाली मान घातली. तिला आठ वर्णांचा शब्द येत होता आणि तीन वर्णांचा येत नव्हता. कारण पहिला तिने पाठ केला होता आणि दुसरा वाचायचा होता. तिला वाचता येतच नव्हते, आणि आम्ही तिला हुशार म्हणत होतो.

वर्णांची नावे हा खरोखरच मोठा चकवा आहे. डब्ल्यू या नावात व चा ध्वनी आरंभी नाहीच, तेथे ड आहे. वाय या नावाचा आरंभ व ने होतो, आणि तो वर्ण 'येस'मध्ये काम करतो य चे. एच या नावात ह चा मागमूस नाही. ही नावे शब्दकोशात शब्द शोधण्यास उपयोगी, फॉर्म भरताना उपयोगी. वाचावयास शिकताना ती मुलाच्या पायात येतात.

शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला असतो, ही जाणीव माणसाला निसर्गतः होत नाही. १९७९ साली होझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील खेड्यांतल्या प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही प्रौढ निरक्षर होते, काही मोठेपणी साक्षर झालेले होते. शब्दाच्या आरंभीचा एक ध्वनी काढून टाका किंवा एक ध्वनी जोडा, एवढेच त्यांना करावयाचे होते. म्हणजे आमचा कमळाचाच खेळ. साक्षर झालेल्यांना ते जमले, निरक्षरांना बहुतांशी जमले नाही. बुद्धी दोघांची सारखीच. फरक वर्णांच्या ओळखीचा होता. आपल्याकडे कन्नड शिकणाऱ्या मुलांविषयी सोनाली नाग यांचे २००७ मधील संशोधन आहे. अक्षरलिपी शिकणाऱ्या मुलांना अक्षराचे भान लवकर येते, पण अक्षराच्या पोटातल्या सुट्या ध्वनीचे भान सावकाश येते, असे त्यात दिसून आले. कन्नड आणि मराठी या लिपींची जात एकच. तेव्हा केनवडच्या वर्गात 'अमळ' म्हणायला वेळ लागतो, यात मुलांचा काही दोष नाही.

या सुट्या ध्वनीला भाषाविज्ञानात 'स्वनिम' म्हणतात. मराठीच्या स्वनिमांचा शास्त्रशुद्ध विचार डॉ. अशोक केळकर यांनी १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात केला, ना. गो. कालेलकरांचा 'ध्वनिविचार' हा ग्रंथही जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. व्याख्या अवघड नाही. ज्या ध्वनीच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो, तो त्या भाषेतला स्वनिम. 'पळ' आणि 'फळ', 'ताप' आणि 'थाप', 'कार' आणि 'खार' : आपल्याला हे शब्द निराळे आहेत याविषयी शंका नसते. इंग्रजाच्या कानाला मात्र प आणि फ ही एकाच ध्वनीची दोन रूपे वाटतात. त्याच्या 'पेन' या शब्दातल्या आरंभीच्या प मध्ये आपल्या फ सारखा श्वासाचा झोत असतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते. आपल्या 'पान'ने ती हलत नाही. तो झोत असला काय, नसला काय, त्याच्या भाषेत अर्थ बदलत नाही, म्हणून तो ऐकत नाही. प्रत्येक भाषा आपल्या माणसांना काही भेद ऐकावयास शिकविते आणि काही न ऐकण्यास शिकविते.

याचे सर्वांत गोड उदाहरण आपल्या खिशात असते : एस.टी.चे तिकीट. मूळ इंग्रजी शब्दात आरंभी आणि शेवटी एकच ध्वनी आहे, टी या वर्णाचा. मराठी माणसाने त्यातला पहिला त ऐकला आणि दुसरा ट. असे का व्हावे? आपला त उच्चारताना जीभ दातांना लागते; ट उच्चारताना ती मागे वळून टाळूला लागते. इंग्रजीचा हा ध्वनी या दोहोंच्या मध्ये, दातांमागच्या हिरडीवर होतो. आपल्या घरात दोन खोल्या आणि पाहुणा उंबऱ्यावर उभा. मग कधी त्याला या खोलीत नेले, कधी त्या. जुन्या छापील मराठीत 'डाक्तर' आढळतो आणि आज आपण 'डॉक्टर' लिहितो, 'मास्तर' मात्र मास्तरच राहिले, त्याचेही कारण हेच.

इंग्रजीत एकूण ध्वनी किती? ब्रिटनमधील प्रमाण उच्चाराचा हिशेब धरला तर ४४ : व्यंजने २४ आणि स्वर २०. वर्ण मात्र २६. ४४ माणसांना २६ सदऱ्यांत बसवायचे म्हणजे ओढाताण ही होणारच; एक सदरा दोघांनी घालायचा, कुणी दोन सदरे जोडून अंगावर घ्यायचे. आपल्या मुलांना या ४४ पैकी बहुतेक ध्वनी मराठीतून आधीच येतात. म, न, ल, स, ह, ब, ग हे शिकवावे लागत नाहीत. शिकवावे लागतात ते थोडे, आणि त्यांतही ज्यांच्यामुळे अर्थाचा घोटाळा होतो त्यांच्यावरच आधी श्रम करावेत, असे आमचे मत आहे.

पहिला घोटाळा आमच्या पत्त्यातच आहे. 'वाशिम' इंग्रजीत डब्ल्यूने लिहितात आणि 'विदर्भ' व्हीने. मराठीत दोन्हीकडे तोच व. आपला व हा या दोन इंग्रजी ध्वनींच्या अधेमधे राहतो. व्हीच्या ध्वनीत वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. डब्ल्यूच्या ध्वनीत दातांचा संबंध नाही. ओठांचा गोल चंबू होतो आणि लगेच सुटतो. आरसा हाती द्यावा आणि मुलांना स्वतःचे ओठ पाहू द्यावेत, पाच मिनिटांत फरक कळतो. इंग्रजी शब्दांत तो अर्थाचा फरक आहे : एका ध्वनीने 'वेट' म्हणजे गुरांचा डॉक्टर, दुसऱ्या ध्वनीने 'वेट' म्हणजे ओला. जाता जाता सांगावयास हरकत नाही की इंग्रजी राजवटीत वाशिमचे नाव ब ने, 'बासिम' असे लिहिले जात असे, आणि वऱ्हाडाचे 'बेरार' झाले होते. आमच्या व ने पूर्वीपासून परक्यांची परीक्षा पाहिली आहे.

दुसरा ध्वनी झेड वर्णाचा. 'झू' म्हणजे प्राणिसंग्रहालय. 'ज्यू' म्हणजे यहुदी. मराठी माणसाला हा भेद कठीण जातो अशी समजूत आहे, ती आम्हाला पटत नाही. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, हे दोन शब्द मराठी मूल न चुकता निराळे उच्चारते, जरी लिहिण्यात तसूभर फरक नाही. आपल्या च, ज, झ यांची दोन-दोन रूपे आहेत. हे धन इतर अनेक भाषांपाशी नाही. युक्ती इतकीच : लांब 'सऽऽऽ' म्हणत राहा, गळ्यावर बोटे ठेवा, आणि जीभ न हलविता आवाज सुरू करा. गळा थरथरू लागला की झेड आला. सापाचा आवाज भुंग्याचा होतो, म्हणून मुलांना हे फार आवडते.

थ चे तसे नाही. 'थ्री' आणि 'थिन' यांतला इंग्रजी ध्वनी आपल्या थ सारखा नाही. आपला थ अडवून सोडावा लागतो, तो लांबविता येत नाही. तो इंग्रजी ध्वनी श सारखा श्वास पुरेल तितका लांबविता येतो, कारण जिभेचे टोक दातांना हलके टेकलेले असते आणि हवा त्यांच्या फटीतून वाहत राहते. पण येथे आम्ही आग्रह धरीत नाही. आपला थ वापरल्याने बहुधा कुणाचा गैरसमज होत नाही, आणि साऱ्या भारतात शिकलेली माणसेही तसाच बोलतात. ब्रिटिश लोक 'कार'चा शेवटचा र गिळतात म्हणून आपणही गिळावा, हेही आम्हाला मान्य नाही. परक्याची ढब उचलणे हा आपला उद्देश नाही. आपले बोलणे ऐकणाऱ्याला कळावे आणि त्याचे बोलणे आपल्याला कळावे, इतकाच आहे.

स्वरांचा प्रांत अधिक निसरडा आहे. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद मराठी मुलाला कागदावर कळतो, कानाला कळत नाही. त्याचे कारण आपण प्रामाणिकपणे कबूल करावे. 'दिन' आणि 'दीन' आपण लिहितो निराळे, बोलतो जवळजवळ सारखे. शुद्धलेखनात ज्या ऱ्हस्व-दीर्घाने आपल्याला छळले, तो आपल्या बोलण्यात अर्थभेदक राहिलेलाच नाही. म्हणून येथे नियम सांगून उपयोग नाही. दोन शब्द शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा ऐकवणे हाच उपाय.

'बॅट'मधल्या ॲ ला तर मराठीने घरचेच करून घेतले. आमच्या आजोबांच्या पिढीने 'ब्याट' आणि 'ब्यांक' म्हटले व लिहिले. पुढे चंद्र काढण्याची सोय झाली. आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ व ऑ यांना मराठी वर्णमालेत रीतसर जागा मिळाली. परभाषेतल्या ध्वनीसाठी स्वतःची वर्णमाला वाढविणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

राहिला 'पेट', 'मेट', 'सेट' यांतला आखूड ए. त्या मुलीची गाडी अडली ती येथेच. मराठीचा ए लांब. 'पेन' हा शब्द आपण ऐसपैस ताणतो. हा आखूड ए मुलांना कोठून आणून द्यावा, या विवंचनेत आम्ही असताना तो रोज सकाळी वंदनेच्या वेळी दीडशे कंठांतून आपल्यासमोर उच्चारला जातो, हे आमच्या ध्यानी आले. पालीत ए आणि ओ हे स्वर एरव्ही दीर्घ असतात. परंतु जोडाक्षरापूर्वी आले की ऱ्हस्व उच्चारले जातात. 'मेत्ता' म्हणजे मैत्री. तो शब्द सावकाश म्हणा आणि पहिल्या त् वर थांबा. जीभ दातांवरून किंचित वर न्या. इंग्रजी 'मीट' या क्रियापदाचे भूतकाळी रूप मिळाले. 'सेट्ठ' म्हणजे श्रेष्ठ. ट् वर थांबा, 'सेट' तयार. आणखी एक : 'सङ्घ' म्हणताना घ येण्यापूर्वी थांबले तर जे उरते ते इंग्रजी 'सिंग' या क्रियापदाचे तिसरे रूप. मुले सिंग, सँग, संग अशी तिन्ही रूपे घोकतात आणि तिन्हींच्या शेवटी ठळक ग लावतात. इंग्रजीत तेथे ग नाहीच, केवळ ङ् आहे. मुळाक्षरांच्या तक्त्यात जो ङ आपण केवळ ओळ पूर्ण करण्यासाठी म्हणतो आणि ज्याने एकही शब्द सुरू होत नाही, तो इंग्रजीत शब्दाच्या शेवटी असा उपयोगी पडतो.

कच्चायनाच्या पाली व्याकरणात ४१ वर्ण सांगितले आहेत, ८ स्वर आणि ३३ व्यंजने. आणि ते मांडले आहेत तोंडातल्या स्थानांप्रमाणे : कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. आपला मुळाक्षरांचा तक्ता हाच. कखगघङ म्हणताना जीभ मागे असते आणि पफबभम म्हणेपर्यंत आवाज ओठांवर येऊन पोचतो. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमात असा कोणताही विचार नाही. बी शेजारी सी आणि सी शेजारी डी का, याला ध्वनीच्या दृष्टीने उत्तर नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्या तक्त्यातही व्यंजने तोंडातल्या स्थानांनुसारच मांडली जातात, फक्त तेथे आरंभ ओठांपासून होतो आणि शेवट कंठात. तेव्हा आपले मूल इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. बाराखडी म्हणजे तरी काय? क् तोच ठेवून स्वर बदलीत जाणे. आम्ही आता ब् ची इंग्रजी बाराखडी म्हणवून घेतो : बॅट, बेट, बिट, बट, बूट, बोट. व्यंजने दोन्ही बाजूंची तीच, मधला स्वर फिरता. ज्या मुलीने तीनदा 'पी-ई-टी' म्हटले होते, ती या वाटेने दिवाळीपूर्वी अनोळखी शब्द वाचू लागली.

आता थोडेसे आमच्या चुकीविषयी. आपली बहुतेक मुले घरी वऱ्हाडी बोलतात. वऱ्हाडीत ळ चा य होतो आणि ण चा न : 'काळा'चे 'काया', 'डोळे'चे 'डोये', 'पाणी'चे 'पानी'. श आणि स यांचीही पुष्कळदा अदलाबदल होते. पूर्वी एका मुलाने फळ्याकडे पाहून 'फया' म्हटले, तेव्हा वर्ग हसला, आणि वर्गाबरोबर आम्हीही हसलो. तो मुलगा त्या वर्षी पुन्हा मोठ्याने वाचावयास उभा राहिला नाही. इंग्रजीच्या तासाला तर मुळीच नाही. आमच्यापैकी एकाला स्वतः शहरातल्या महाविद्यालयात 'झीरो'ला 'जिरो' म्हटल्याबद्दल असेच हसू सहन करावे लागले होते, आणि तरीही आम्ही हसलो. वस्तुतः ज्या मुलाला घरात य आणि शाळेत ळ लागतो, ते मूल एका भाषेत दोन ध्वनिव्यवस्था सांभाळत असते. त्याला 'तुझे चुकले' असे न सांगता 'घरी तू काया म्हणतोस, पुस्तकात काळा आहे. दोन्ही म्हणून दाखव, जीभ कुठे जाते ते सांग' असे म्हटले, तर तो ध्वनिशास्त्राचा पहिला धडा होतो. ज्याला काया आणि काळा यांतला फरक जिभेने सांगता आला, त्याला 'सी' आणि 'शी', 'सॉर्ट' आणि 'शॉर्ट' यांतला सांगणे फारसे जड जात नाही.

या सर्वांवर एक आक्षेप पालक नेहमी घेतात, आणि तो रास्त आहे. ध्वनी शिकवले म्हणून इंग्रजी वाचता येईलच कशावरून, जर स्पेलिंगच ध्वनीप्रमाणे नसेल? एकच श चा ध्वनी 'शी', 'शुगर', 'स्टेशन', 'मशीन' आणि 'ओशन' या पाच शब्दांत पाच तऱ्हांनी लिहिला जातो. 'नाइफ'च्या आरंभी मुका के उभा असतो. हे खरे आहे. तो के एके काळी उच्चारला जात असे. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, छपाईमुळे लेखन हळूहळू गोठत गेले, आणि बोलणे मात्र पुढे बदलत राहिले. आपल्या आजोबांची जुनी पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना 'नांव', 'कांहीं', 'नाहीं' यांवरची अनुस्वारे आठवतील. ती उच्चारात केव्हाच उरली नव्हती, पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकीपर्यंत लेखणीतून उतरत होती. आपण ती झाडून टाकली. इंग्रजांनी टाकली नाहीत, इतकाच फरक. मात्र अनियमित शब्द पुष्कळ असले तरी नियमाने चालणारे शब्द त्याहून खूप अधिक आहेत, आणि अनियमित शब्दातही बहुधा एखादाच वर्ण वाकडा असतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांची ध्वनिवाचनाची चाचणी घेतात. तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यांतले २० निरर्थक असतात, मुद्दाम बनविलेले. कारण निरर्थक शब्द पाठ केलेला असू शकत नाही, तो वाचावाच लागतो. आम्हीही असे शब्द बनवितो. मुले त्यांचे अर्थही बनवितात, आणि ते येथे छापण्यासारखे नसतात.

मागच्या पालकसभेत एका आजोबांनी विचारले, 'गुरुजी, मले तं एबीसीडी येत नाही, मी पोराले घरी काय शिकवू?' आम्ही त्यांच्या हातावर मूठभर चिंचोके ठेवले. शब्द म्हणायचा आणि जितके ध्वनी ऐकू येतील तितके चिंचोके मांडायचे. याला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, कान हवेत. 'शिप'ला तीन मांडायचे, जरी वर्ण चार असले. 'बॉक्स'ला चार, जरी वर्ण तीनच असले, कारण शेवटच्या एक्सच्या पोटात क् आणि स् दोघे दडून बसले आहेत. 'थॉट'चे स्पेलिंग सात वर्णांचे आणि चिंचोके तीन. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांनी हेच काम चौकोन आणि सोंगट्या यांनी करविले होते. चिंचोके स्वस्त पडतात.

आजोबांनी प्रथम 'वाशिम' मांडून पाहिले. मराठीत अक्षरे तीन, इंग्रजीत वर्ण सहा, चिंचोके पाच : व्, आ, श्, इ, म्. श साठी इंग्रजीला दोन वर्ण लागतात, हे नातवाने त्यांना समजावून सांगितले. मग त्यांनी आपणहून 'केनवड' घेतले. लिहिताना अक्षरे चार. पण बोलताना न चा अ गळतो, आपण केन्-वड म्हणतो. क्, ए, न्, व्, अ, ड्. सहा चिंचोके झाले. नातवाने वहीत गावाचे इंग्रजी नाव लिहिले आणि एकेका वर्णाखाली एकेक चिंचोका सरकविला. वर्णही सहाच निघाले. आजोबांनी पुन्हा एकदा मोजून पाहिले.